कादंबरीत नसलेली खिडकी

आमच्या मलकपेठच्या घरात मुलांना मराठी धड वाचता येत नाही, म्हणून नजर अधू झालेल्या सासऱ्यांना दुपारी कादंबरी मीच वाचून दाखवायचे. नायकाचा आजारी भाऊ पाणी मागत मेला आणि नायक शेजारच्या खोलीत नुसता बसून राहिला, तेव्हा मी पुस्तक आपटलं. "खुनीच आहे हा नालायक!"

"नाही, सूनबाई," जन्मभर वकिली केलेले सासरे शांतपणे म्हणाले. "परेशान झाला होता तो. हाका गल्लीत ऐकू जाऊ नयेत, एवढ्यासाठीच त्याने खिडकी लावून घेतली."

मी पानं पुन्हा चाळली. कादंबरीत खिडकी नव्हतीच.

सासऱ्यांचे धाकटे भाऊ जिथे वारले, त्या आमच्या मागच्या खोलीला मात्र आहे. गल्लीतून ती दिसते. आतून विटांनी बुजवलेली आहे.