सालोमी मॅडमचा पाण्याचा प्रकल्प

सालोमी वसईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. एम.एस्सी. झाल्या झाल्या नोकरी लागली, मग लग्न, मुलं, माणिकपूरचा फ्लॅट; पीएच.डी.चं राहून गेलं ते गेलंच. त्याची तिला फारशी खंत नव्हती. ती खरी रमायची प्रॅक्टिकलच्या तासाला.

दुसऱ्या वर्षाला पाण्यातला क्षार मोजायचा प्रयोग असे. मुलांनी घरून बाटलीभर पाणी आणायचं, त्यात पिवळा रंग देणारं द्रावण टाकायचं आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे चावी असलेल्या काचेच्या नळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडत राहायचं. पिवळ्याचा विटकरी रंग झाला की थांबायचं. पाणी जितकं खारट, तितके थेंब जास्त. दोन हजार सालाच्या पुढेमागे निर्मळच्या बाजूने येणाऱ्या मुलांच्या ब्युरेट बघता बघता रिकाम्या होऊ लागल्या. मुलं धसमुसळेपणा करतात असं समजून सालोमीने त्यांना प्रयोग पुन्हा करायला लावला. उत्तर तेच आलं. पुढच्या वर्षी मुलं बदलली, उत्तर मात्र आणखी वाढलं.

निर्मळ तिचं माहेर. त्या पट्ट्यातल्या केळीच्या वाड्या गोड्या विहिरींवर उभ्या होत्या. तिला चैन पडेना.

त्याच सुमारास स्टाफरूमच्या फळ्यावर विद्यापीठाची सूचना लागली. कॉलेजातल्या शिक्षकांना छोट्या संशोधनासाठी अनुदान मिळणार होतं. बाकीच्यांनी ती वाचली आणि चहा घेतला. सालोमीने अर्ज मागवला. प्राचार्यांनी सही करताना बजावलं की तासांत सवलत मिळणार नाही. नवरा मायकल बँकेत होता. त्याने कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करून द्यायचं कबूल केलं, फक्त आधी विहिरी ठरव म्हणाला. समुद्राकडून रस्त्यापर्यंत एका ओळीतल्या विहिरी घ्यायच्या आणि वर्षभर तपासायच्या, असा तिचा बेत होता. त्यासाठी मालकांची संमती हवी. पहिली विहीर घरचीच, म्हणून ती धाकट्या भावाकडे, स्टॅनीकडे गेली.

स्टॅनी केळी आणि मोगरा करायचा. काही वर्षांपासून त्याच्या विहिरीवर टँकरही भरले जात. एकटा तोच नव्हे, वाडीतले बरेच जण पाणी विकत होते. गोडं पाणी जितकं उपसावं तितकं समुद्राचं खारं आत सरकतं, हे सालोमीला ठाऊक होतं. बहिणीचं बोलणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. कागद सरकारदरबारी गेला की उद्या कोणीतरी येऊन पंपाला कुलूप लावेल, असं त्याचं म्हणणं. तसं काही होणार नाही, नावं छापायची नाहीत, हे ती परोपरीने सांगत राहिली. शेवटी त्याने विचारलं, "बाय, तुझ्या बिल्डिंगला पाणी कुठून येतं?"

सालोमीच्या सोसायटीत दर सकाळी टँकर येत होता. तो कुठून भरून येतो हे तिने कधी विचारलं नव्हतं.

सख्ख्या भावाने नकार दिल्यावर इतरांकडे शब्द टाकायची सोयच उरली नाही. तरी ती दोन-तीन घरं फिरली. सगळे आदराने बोलले, सरबत दिलं आणि आधी स्टॅनीचं काय ते विचारलं. निघताना स्टॅनीची बायको इनेझ फाटकापर्यंत आली. पाण्यात डाळ शिजायला हल्ली वेळ लागतो, असं म्हणाली आणि तो वाडीत नसताना बाटली भरून द्यायची तयारी दाखवली. सालोमीने तिचा हात हातात घेतला, पण नको म्हणाली. भावाच्या पाठीमागे त्याच्या विहिरीचं पाणी नेणं तिला जमणार नव्हतं.

काही दिवस अर्ज तसाच पडून राहिला. मग एका सकाळी खाली टँकर लागला, पाइपातून पाणी टाकीत पडायला लागलं, आणि ते बघताना तिला वाटलं, विहिरीपाशी जाऊ देत नाहीत, पण पाणी तर आपल्या दारात येतंय. तिने अर्ज नव्याने लिहिला. एका टोकाला निर्मळच्या देवळाजवळचं तळं, चर्चची विहीर, शाळेची विहीर, ही सगळ्यांची पाणवठ्याची ठिकाणं; तिथे कोणा एका मालकाची संमती लागत नव्हती. आणि दुसऱ्या टोकाला माणिकपूर आणि चंदनसारच्या इमारतींत रिकामे होणारे टँकर.

मुलाखतीला विद्यापीठात बोलावलं. समितीत तिघे होते. त्यातल्या एका वयस्कर प्राध्यापिकेने अर्ज चाळून विचारलं, की टँकर कुठल्या विहिरीचा हेच ठाऊक नसेल तर अभ्यासाला अर्थ काय. सालोमीने जे होतं ते सांगितलं. मालक संमती देत नाहीत, आणि सगळ्यांत पहिला नकार आपल्या भावाचा आहे.

"म्हणजे यात तुमचा वैयक्तिक संबंध आहे," त्या म्हणाल्या.

"आहे. तो पाणी विकतो आणि मी ते पिते."

कोणी हसलं नाही. अर्जावर काहीतरी लिहिलं गेलं. घरी येताना सालोमीला खात्री होती की आपण हातचं घालवलं. पण पावसाळ्यानंतर मंजुरी आली. मागितलेल्यातलं निम्मंच मिळालं. खारेपणा चटकन दाखवणारा मीटर त्यातून गळला होता. तिला काही वाटलं नाही. तिच्याकडे ब्युरेट होती.

वर्षभर तिने नमुने गोळा केले. चंदनसारच्या वॉचमनला ती पाणीखात्याची बाई वाटायची आणि तो तक्रारी सांगत बसायचा. निष्कर्ष धक्कादायक नव्हता, सरळ होता. पावसाळ्यानंतर पाणी बरं असे, मग दर महिन्याला क्षार चढत जाई, मे महिन्यात काही टँकरांचं पाणी पिण्याजोगंही नसे. अहवाल गेला, पोच आली. सोसायटीच्या सभेत तिने आकडे वाचून दाखवले. सगळ्यांना पटलं, आणि दुसऱ्या दिवशी टँकर आला. न मागवून करणार काय, नळाला तेव्हा दिवसाआड थोडंसं पाणी. तिनेही बादली भरून घेतली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात स्टॅनी कॉलेजात आला. या कॉलेजात तो आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचा शर्ट घातला होता आणि पिशवीत पाण्याची बाटली होती. मोगऱ्याची पानं कडेने करपायला लागलीत, एवढंच म्हणाला.

प्रयोगशाळा रिकामी होती. सालोमीने पाणी फ्लास्कमध्ये घेतलं, पिवळं केलं आणि ब्युरेटची चावी भावाच्या हातात दिली. थेंब कसे सोडायचे ते दाखवलं. तो वाकून सोडत राहिला. पिवळा रंग हलेना. ब्युरेट संपली, तिने पुन्हा भरली. स्टॅनीच्या कपाळावर घाम आला होता.

"रंग बदलणार कधी?"

"बदलेल. सोडत राहा."

बऱ्याच वेळाने विटकरी छटा आली. आकडा तिने त्याला सांगितला, काही न वाढवता, काही न लपवता. तो स्टुलावर बसला. आजोबांनी ती विहीर खणली तेव्हा अख्ख्या आळीने तिचं पाणी प्यायल्याचं तो घरच्या बोलीत सांगत राहिला. मग त्याने विचारलं, "पंप बंद केला तर परत गोडं होईल?"

सालोमीला हो म्हणायची फार इच्छा झाली. "माहीत नाही," ती म्हणाली. "तेवढा माझा अभ्यास नाही झाला."

स्टॅनीने मान डोलावली. त्या वर्षी त्याने टँकर निम्मे केले, पुढच्या वर्षी बंद केले. काही शेजारी त्याच्यावर रागावले, एक-दोघांनी त्याचं ऐकलं. सालोमीने त्याच प्रश्नावर विद्यापीठाकडे दुसरा अर्ज केला. विहिरीचा उपसा थांबवल्यावर तिचं पाणी किती काळात सुधारतं, असा. तो मंजूर झाला नाही. तिने पदरच्या रसायनांवर काम चालू ठेवलं. दर महिन्याला एका रविवारी इनेझ चर्चला येताना तिच्यासाठी विहिरीच्या पाण्याची बाटली आणायची, आता उघडपणे, आणि कधी कधी स्टॅनी स्वतः.

पाण्याचा खारेपणा थोडा उतरला. पाणी पहिल्यासारखं झालं नाही. मोगरा गेला, केळी टिकली.