निळं पाणी बघायला आलेला

त्याचं नाव मी विचारलं नाही, विचारावंसं वाटलंही नाही. काळोख पडल्यावर मांडवीच्या किनाऱ्यावर तो पाण्यात लाथा मारत होता. प्रत्येक लाथेला पाणी निळं चमकायचं आणि तो किंचाळायचा. मग ओल्या पायांनीच माझ्या खानावळीत शिरला आणि शिंपल्यांतल्या तिसऱ्यांचं सुकं मागितलं.

"तिसऱ्या नाहीत," मी म्हटलं. "पाणी तापलं, त्यात गटाराची घाण आली, की हे चमकणारं बारीक शेवाळ माजतं. मासळी लांब पळते. ते शेवाळ तिसऱ्यांच्या पोटात जातं; त्या खाल्ल्या तर माणूस आजारी पडेल, म्हणून आम्ही काढतच नाही."

त्याचं लक्ष मोबाईलमधल्या फोटोंत. "पण ताई, नाताळच्या सुट्टीतही चमकेल ना?"

माझं डोकंच सणकलं. "गटार असंच सोडत राहिले, तर बारमाही चमकेल!"

"अरे वा!" म्हणत त्याने तिथल्या तिथे भावाला फोन लावला.