तुमच्या भाषेत सांगा तिला

दर्शनाचं नाव पुकारलं गेलं आणि ती उभी राहून म्हणाली, “हाय.”

आमच्याकडे ‘हाय’ म्हणजे आहे. मी आहे. इथे आहे. हजेरीला याहून बरोबर उत्तर नाही.

अख्खा वर्ग ओरडला, “हॅलो!”

वर्गशिक्षिका हसली. हजेरीपट तोंडासमोर धरला होता, पण खांदे हलत होते. एक मुलगा बाकावरून हात हलवत म्हणाला, “हाय, हॅलो, हाऊ आर यू, जंगल बुक?” पुन्हा हशा. दर्शनाला काही कळलं नाही. सगळे हसतायत म्हणून तीही हसली.

मी दारात उभी होते. मुलांचं हसणं मी सहन केलं. दर्शनाचं नाही झालं.

ईशा, रोहन, तुमच्यासाठी लिहिते आहे. बाबांना वाचून दाखवायला सांगा. अडेल तिथे त्यांना विचारा, पण गाळू नका म्हणावं.

ईशा, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस. तुमच्या शाळेत वर्णद्वेषावर एक तास झाला होता, आणि घरच्या मोठ्या माणसाला विचारून या, असं सांगितलं होतं. तू विचारलंस, “आजी, तुला कधी कोणी असं वागवलं?” मी म्हणाले, “जेवलीस का?” तू हो म्हणालीस आणि विषय बदलला. तो मी बदलला होता. आता उत्तर देते.

आपण वारली आहोत. तुम्हाला हे माहीत आहे, पण तुमच्यासाठी तो चित्रांचा शब्द आहे. तुमच्या तिथल्या दिवाणखान्यात टांगलेली पांढरी माणसं, गोल धरून नाचणारी. माझ्या लहानपणी इथे तो शब्द वेगळ्या कामाला यायचा. एखाद्या पोरीचे केस विंचरलेले नसले की बाजारातल्या बायका तिला म्हणायच्या, “काय गं, वारलीण दिसतेस.” मी शेजारी उभी असायचे. केस विंचरलेले असायचे.

मी डोंगराकडच्या पाड्यातली. ननांच्या वसतिगृहात शिकले. तिथे पहिल्याच दिवशी मला न्हाऊ घातलं. काथ्याने मान घासली. मळ निघेना म्हणून आणखी घासली. रक्त आलं तेव्हा थांबल्या. मळ नव्हता तो. मी होते.

त्याच ननांनी मला इंग्रजी दिलं. चांगलं दिलं. त्यावर मी पालघरला आयुष्यभर शिकवलं, तुमच्या बाबांना इंजिनीअर केलं. निवृत्तीनंतर बोईसरच्या एका इंग्रजी शाळेने मला बोलावलं. कारखान्यांतल्या साहेबांची मुलं तिथे शिकतात. काही जागा गरिबांच्या मुलांसाठी राखीव असतात. कायदाच तसा आहे. त्या मुलांचं इंग्रजी सुधारायला मी आठवड्यातून दोनदा जायचे. दर्शना त्यांतली एक. चौथीतली. कुरळे केस, मोठे डोळे, आणि रंग माझाच. तिची आई सुरेखा तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. ठेकेदाराकडून.

त्या दिवसानंतर दर्शनाने हजेरीला तोंड उघडलं नाही. नाव पुकारलं की खाली बघायची. उत्तर आलं नाही म्हणून वर्गशिक्षिका गैरहजर लावायची. मुलगी दुसऱ्या बाकावर बसलेली. डबा समोर. गैरहजर.

मी वर्गशिक्षिकेशी बोलले. ती म्हणाली, “मॅडम, मुलं आहेत हो. गंमत करतात. तिनेही थोडं स्पोर्टिंगली घ्यायला हवं ना?”

“ती नऊ वर्षांची आहे.”

“तेच म्हणते मी. या वयात सवय झालेली बरी.”

मग मी वर्गात गेले. मुलांना सांगितलं की हाय हा चूक शब्द नाही, या किनाऱ्यावर आणि डोंगरात लाखो लोक असंच बोलतात, माझी आई असंच बोलायची. मुलांनी शांतपणे ऐकलं, कारण मी इंग्रजीत सांगत होते. एका मुलीने हात वर केला. “बट मॅम, यू डोन्ट टॉक लाइक दॅट.”

खरं होतं ते.

माझ्या तासाला दर्शना बोलायची. ‘प्रेझेंट, मिस’ स्वच्छ म्हणायची. कोंबडीची पिल्लं, ओढ्यातले खेकडे, आईच्या हाताला येणारा कारखान्याचा वास, सगळं सांगायची. अर्धं इंग्रजीत, अर्धं आमच्या बोलीत. वर्गात गेली की मिटायची. मला वाटलं, वेळ लागेल. वेळ शाळेच्या हातात होता, माझ्या नाही.

त्याच सुमाराला शाळेत समावेशनाचं शिबिर झालं. हो, ईशा, इथेही होतात ती. आम्ही सगळे शिक्षक गोल करून उभे राहिलो आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकत गेलो. ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने म्हणायचं, “तू माझ्याशी जोडलेला आहेस.” छान जाळं झालं. फोटो काढले. चहा झाला. मग शाळेची शिपाईबाई खाली बसून ती गुंतलेली लोकर सोडवत राहिली. तीही वारली समाजाची. तिच्याकडे कोणी गुंडा फेकला नव्हता.

मुख्याध्यापिका त्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही त्या समाजाच्या आहात हे मला आत्ता कळलं. अजिबात वाटत नाही हो! तुम्ही तर आपल्यातल्याच आहात.”

कौतुक होतं ते. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर कौतुक होतं. मी ‘थँक यू’ म्हणाले.

परीक्षेच्या आधी सुरेखाला शाळेत बोलावलं, आणि मलाही. मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्या, वर्गशिक्षिका आणि मी खुर्च्यांवर. चौथी खुर्ची रिकामी होती. सुरेखा दाराशी उभी राहिली. दर्शना तिच्या पदराला धरून. “बस ना,” मी म्हणाले. सुरेखाने आधी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या फोनवर होत्या. सुरेखा उभीच राहिली.

मग त्या दोघी इंग्रजीत बोलायला लागल्या. सुरेखासमोर. जणू खोलीत नुसतं कपाट उभं आहे.

वर्गशिक्षिका म्हणाली, मुलगी मंद आहे, शब्दसुद्धा बोलत नाही, हजेरी तर नाहीच. मी म्हणाले, ती रोज वर्गात बसते. “शी डझन्ट रिस्पॉन्ड, मॅम,” ती म्हणाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, यात मुलीचा दोष नाही, “इट्स इन द ब्लड,” यांच्यात शिक्षण नाहीच, आणायचं कुठून? वर्गशिक्षिका म्हणाली, शिवाय ते केस, ते नाक, मुलं चिडवणारच, आपण किती जणांची तोंडं धरणार? मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिला तिच्यासारख्या मुलींच्या शाळेत पाठवलं तर ती आनंदात राहील, आणि तेच खरं समावेशन.

हे सगळं मऊ आवाजात. कोणी कोणाला शिवी दिली नाही.

मग मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. “मॅडम, तुम्ही सांगा हिला. दाखला काढून न्या म्हणावं, मुलीच्याच भल्यासाठी. तुमच्या भाषेत सांगा तिला. तुमचं ऐकेल ती. जरा सौम्यपणे.”

तुमच्या भाषेत. म्हणजे तेवढ्यापुरती मी त्यांच्यातली नव्हते.

मी सुरेखाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आपलं माणूस खुर्चीवर बसलंय, आता काहीतरी होईल.

कित्येक वर्षांत मी ती बोली चारचौघांत बोलले नव्हते. आई गेल्यापासून तर घरातही नाही. तरी आली. सगळीच्या सगळी आली.

मी म्हणाले, “सुरेखा, ऐक. या बोलतात, तुझी पोर मंद हाय. या बोलतात, आमच्या लोकांच्या रक्तातच शिक्षण नाय, त्यात पोरीचा दोष नाय. या बोलतात, तिचे केस नि नाक बघून पोरं हसणारच, त्याला आमी काय करणार? या बोलतात, तिला तिच्यासारख्या पोरींच्यात टाक. दाखला काढून ने. आनि मला बोलतात, हे तुला गोड करून सांग.”



मुख्याध्यापिका मराठीच आहेत. त्यांना सगळं कळलं. त्या लाल झाल्या. “मॅडम! असं सांगायचं नव्हतं.”

“कसं सांगायचं होतं?”

“आम्ही आपापसात बोलत होतो.”

“ती इथेच उभी होती.”

“तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्या दिवशी खोलीत बोललं गेलेलं ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं.

सुरेखा रडली नाही. भांडलीही नाही. मला वाटत होतं, ती काहीतरी बोलेल, त्यांना ऐकवेल. ती मलाच म्हणाली, “बाई, तुमी एवढं शिकल्या. तुमाला तरी सोडलं काय यांनी?”

मग पदर खोचला. “आमाला कारखान्यात सुपरवायझर ‘ऐ जंगल’ बोलतो. नाव नाय घेत कोण. मला वाटलं, पोर शिकली तर तिचं नाव घेतील.” तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “माझी पाळी हाय दुपारची. उशीर झाला तर आत घेत नाय. दाखला कुठं मिळंल?”

“काढू नकोस,” मी म्हणाले. “कायद्याने काढता येत नाही त्यांना. आपण भांडू.”

“कोण भांडणार? तुमी दोन दिस येता. पोरीला रोज यायचं हाय.”



मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. सुरेखा रिक्षा बघायला पुढे गेली. दर्शना माझ्याजवळ थांबली. इतका वेळ ती गप्प होती आणि आम्ही सगळेच विसरलो होतो की तिला ऐकू येतं. इंग्रजीतलं तिला सगळं कळलं नसतं. मी सांगितलं ते सगळं कळलं होतं.

तिने हात पुढे केला, मनगटाची आतली बाजू वर करून. तिथल्या शिरा दिसतात ना, तिथे बोट ठेवून मला विचारलं, “बाई, माझ्या रक्तात काय हाय?”

मुलांनो, मी मराठी नि इंग्रजी, दोन भाषा जन्मभर शिकवल्या. तिसरी माझ्या आईची. एकाही भाषेत मला काही सुचलं नाही. मी तिचा हात धरून उभी राहिले. तेवढ्यात रिक्षा आली. सुरेखाने तिला आत ओढलं, आणि त्या गेल्या.

खरं बोललं की बरं वाटतं, असं लोक म्हणतात. मला नाही वाटलं. मी दोन बायकांना लाज आणायला गेले आणि ते शब्द एका लहान मुलीच्या अंगात गेले. पण गोड करून सांगितलं असतं तर सुरेखा त्यांचे आभार मानून गेली असती. हात जोडून. तेही मला बघवलं नसतं. दोन्हीकडून मुलगी शाळेबाहेरच गेली असती. गेलीच.

पुढचं थोडक्यात सांगते. शाळेने मला कळवलं की माझे तास तूर्त थांबवले आहेत. मी शिक्षण विभागात तक्रार केली. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या इंग्रजीची स्तुती केली, आणि पालकांनी स्वतः दाखला काढला असेल तर आमचे हात बांधलेले आहेत, असं सांगितलं. मी दोनदा सुरेखाच्या खोलीवर गेले. दर्शनाला आजीकडे पाड्यावर पाठवलंय. पुढच्या वर्षी आश्रमशाळेत घालू म्हणते. सध्या ती बकऱ्या राखते. मी पाड्यावर जाऊन आले. मला पाहून ती घरामागे पळाली. हाक मारली, आली नाही. मी तिच्या आजीशी बोलत बसले, मग परत आले.

हे मी बदलू शकले नाही. तुमच्यापासून लपवत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतून पुन्हा फोन आला, मुख्याध्यापिकांचा. पुढच्या समावेशन शिबिरात मी ‘माझा प्रेरणादायी प्रवास’ सांगावा, अशी त्यांची इच्छा आहे. झालं गेलं विसरून जाऊ म्हणाल्या. मी विचारलं, “सुरेखाला बोलावणार का? तिच्यासाठी खुर्ची ठेवणार का? दर्शनाला परत घेणार का?” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मॅडम, तो वेगळा विषय आहे.” मी म्हणाले, “तोच विषय आहे. दुसरा माझ्याकडे नाही.” फोन त्यांनी ठेवला.

ईशा, तू विचारलंस त्याचं हे उत्तर. मला असंच वागवलं. कौतुक करत वागवलं. तुला कोणी म्हणेल, तू त्यांच्यासारखी वाटत नाहीस, तेव्हा ‘थँक यू’ म्हणू नकोस. विचार, त्यांच्यासारखी म्हणजे कोणासारखी? नाव घ्यायला लाव. रोहन, तूसुद्धा.

माझं वय झालंय. गुडघे दुखतात. एकटीने शाळा बदलत नाहीत, हे मला कळतं. दर्शना पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही, आणि ते मिळाल्याशिवाय मी पाड्यावर जाणं थांबवणार नाही. ती घरामागे पळाली तर पळू दे. मी अंगणात बसेन.

आणि एक ठरवलं आहे. माझ्या लोकांना गोड करून सांगण्यासाठी माझं तोंड यापुढे कोणालाही मिळणार नाही. शाळेला नाही, कारखान्याला नाही, कचेरीला नाही. जे ज्याच्याबद्दल बोललं जाईल, ते मी त्याला पूर्ण सांगेन. बोलणाऱ्याच्या समोर. एक शब्द न गाळता.