चिंचेनं धुतलेली टाकी

माझ्या लग्नानंतर अकरा वर्षं माझे बाबा माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. भांडण नव्हतं हो काही. पोरीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्याकडे जेवायचं नाही अशी आमच्यात रीत, आणि मला मूल झालंच नाही. वर्षातून दोनदा ते पारशिवनीहून एसटीनं खापरखेड्याला यायचे, पिशवीत तुरीच्या शेंगा घेऊन. अंगणातल्या बाजेवर बसायचे आणि तहान लागली की घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायचे. आधी आधी म्हणायचे, "नातू दाखव, मंग जेवतोच मी." पुढे ते म्हणणंही त्यांनी सोडलं. मी आपली दर वेळी त्यांच्या आवडीचा गोळाभात करायची आणि ते गेल्यावर तो आम्ही दोघंच खायचो.

मग बाबा पडले. कमरेचं हाड मोडलं आणि एसटीची पायरी चढणं कायमचं संपलं. चार महिन्यांनी एका गुरुवारी माझा भाऊ सायकल मारत निरोप घेऊन आला.

"बाबा म्हणून राहिले, मले गाडीत टाका अन् पोरीकडे न्या. तिच्या हातचं जेवतो म्हणे."

"आणि रीत?" मी विचारलं.

"रीत गेली चुलीत, म्हणते."

मी तिथेच दारात बसून रडले. आनंदानं रडले, लपवून काय करायचं. आमचे हे भावाला म्हणाले, "शनवारी सकाळी गाडी घेऊन येतो. सांग त्याईले."

गाडी म्हणजे धरमपेठेतल्या एका डॉक्टरांनी वापरून वापरून सोडलेली, यांनी हौसेनं घेतलेली. हे वीज केंद्रात फिटर, हात चालायचा. पण पेट्रोल महागलं आणि गाडी कॉलनीतल्या कडुलिंबाखाली उभी राहिली ती दोन पावसाळे, टाकीत जेमतेम वाटीभर पेट्रोल घेऊन. रिकाम्या टाकीला आतून दमटपणा धरतो आणि मग जंग चढतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक. निरोप आला त्याच दिवशी यांनी ती चालू केली तर फाटकापर्यंत जाऊन आचके देत बंद पडली. इंजिनातल्या पंपाखालची, पेट्रोलचा गाळ धरणारी काचेची वाटी उघडली, तर आत नुसता लाल चिखल.

यांनी रजा टाकली. टाकी खाली उतरवली, तिच्यात मूठ मूठ बारीक गिट्टी आणि सायकलची जुनी चेन टाकली, वरून सोड्याचं पाणी ओतलं, तोंडाला चिंधीचा बोळा कोंबला. मग अंगणात पोत्यावर टाकी ठेवून एका बाजूनं हे आणि दुसऱ्या बाजूनं मी, अशी आम्ही ती हलवायला लागलो. शुक्रवारी दुपारपर्यंत दंड भरून आले. मी हसत म्हटलं, "लोकाईच्या घरी पोरं झुलवते, आपण टाकी झुलवून राहिलो." हे हसले नाहीत. खाली मान घालून हलवत राहिले.

संध्याकाळी पाणी बरंच निवळ यायला लागलं. हे म्हणाले, "झालं. थोडा जंग राहिला कोपऱ्यात, राहू दे. वाटेत एखाद्या वेळी वाटी साफ करू. बारा-पंधरा मैल तं जायचं."

इथं मी आडवी आले. मोडक्या कमरेचा माझा बाप भर उन्हात रस्त्यावर ताटकळत बसेल? अकरा वर्षांनी तो जेवायला येतोय आणि आमची गाडी बंद पडेल? मी म्हटलं, तांब्याची घागर मी चिंचेनं लख्ख करते, ही टाकी काय मोठी. हे म्हणाले, "अवं, नको." मी ऐकते थोडीच. घरातली होती नव्हती ती सगळी चिंच कोळून टाकीत ओतली आणि भिजत ठेवली.

शनिवारी सकाळी टाकी आतून अशी चकचकीत निघाली की मला स्वतःचाच गर्व वाटला. यांनी ती उजेडासमोर धरली. तळाशी मोहरीएवढी तीन भोकं. जंगानं पत्रा कधीचाच खाऊन टाकला होता.

"जंगच धरून होता वं तिले," हे एवढंच म्हणाले.

साबण चोळून पाहिला, टिकला नाही. कथलाचा डाग देऊन भोकं बुजवणारा म्हणाला, पेट्रोलची टाकी आहे, पुन्हा धुऊन दिवसभर उन्हात वाळवा, त्याशिवाय मी आग जवळ आणत नाही. शनिवार त्यात गेला. रविवारी डाग दिला, संध्याकाळी टाकी चढवली. या सगळ्या धावपळीत पारशिवनीला निरोप धाडायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. सोमवारी सकाळी मी गोळाभाताची डाळ भिजत घातली, मागच्या सीटवर गादी अंथरली आणि आम्ही निघालो.

गाडी एकदाही अडली नाही. घरासमोर माणसं उभी होती. बाबा पहाटेच गेले होते.

आमचे हे पुढे कित्येक वर्षं माझ्यासोबत जगले, पण शुक्रवारचं ते "राहू दे" त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

तेरवीला मी पानावर बसले होते. वहिनी भात वाढायला आली आणि माझ्यापाशीच थांबली. म्हणाली, "शनवारी सकाळीच धुतलेलं धोतर नेसून बसले होते बाजेवर. तो दिवस अन् आयतवार, नुसता चहा घेतला. मी म्हटलं, बाबा, दोन घास तरी खा. तं म्हणे, नको, पोट रिकामं ठेवतो. पोरीकडे पोटभर जेवायचं आहे."

मग तिनं वरण वाढलं. पानावरचं सगळं मी जेवले. एक शीतही टाकायची माझी हिंमत झाली नाही.