तयार किटावर कुणाचा विश्वास?

लॅबमधून रिपोर्ट उशिरा निघतील, किस्से नाही! आमच्या महाडच्या लॅबमध्ये तर निम्मे किस्से एकट्या शेडगेकाकांचे. काका आमचे सीनियर टेक्निशियन आणि जन्मजात संशयी. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे आता मीही घराचं कुलूप दोनदा ओढून बघते.

*

गाठीच्या तुकड्यात अमुक प्रोटीन आहे का, हे शोधायचं तयार किट आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी पहिल्यांदाच मागवलं. प्रोटीन असेल तर किटातली अँटिबॉडी त्याला चिकटते आणि स्लाइडवर तपकिरी रंग येतो. किट थंडच राहायला हवं. थर्मोकोलचा खोका आला, तसं काकांनी कुरिअरवाल्याला विचारलं, "माणगावला जेवायला किती वेळ थांबला होतास?"

"तासभर. पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं कळलं? तूच सांगितलंस!"

खोका परत!

*

दुसरं किट आलं. रंगवण्याआधी स्लाइड्स प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात. शिट्टी झाली आणि बाहेर बसलेले एक आजोबा तडक आत. "माजा रिपोर्ट दोन दिस आला नाय, आन् तुमी हितं डाळ शिजवता?"

कुकर निवल्यावर मी झाकण काढून त्यांना काचा दाखवल्या. आजोबांनी वाकून वास घेतला.

"मग डाळ कुटं ठेवलीत?"

*

भागीमावशी आमच्या चहाचं दूध देतात. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून सकाळच्या एसटीनं किटली घेऊन येतात. मध्यंतरी त्यांच्या छातीत गाठ निघाली आणि तुकडा आमच्याकडेच आला. तपकिरी रंग आला तर गोळ्या लागू पडणार, नाहीतर तो मार्ग बंद. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

रंग आलाच नाही.

"बघा! किट बोगस!" काका म्हणाले.

पण सोबत लावलेला, हमखास रंगणारा जुना तुकडाही फिकाच होता. मॅडमनी काकांकडे रोखून बघितलं. "काका, काही मिसळलंत का? बाटलीवर लिहिलंय, थेट वापरा."

काकांनी बाटली फिरवून लेबल वाचलं. मग म्हणाले, "बाटलीवर काय, काहीही लिहितात हो. अँटिबॉडी थेट कोण घालतं? तीस वर्षं मी पातळ करूनच घालतोय..."

त्याच तुकड्याची नवी स्लाइड केली. या वेळी ड्रॉपर मॅडमच्या हातात. छान तपकिरी! मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा काका स्वतःहून पुढे झाले. "मावशी, गोळ्या लागू पडतील. पण रिपोर्टला उशीर माझ्यामुळे झाला. औषधात मी पाणी घातलं होतं."

मावशींनी किटली खाली ठेवली.

"तुमी? आन् रोज माज्या दुधाचा थेंब नखावर धरून बगता ते?"