मामांच्या समुद्राची वामकुक्षी

समुद्र कधीही न पाहता समुद्राची इतकी काळजी करणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज उभ्या मराठवाड्यात दुसरा नसावा. मामा तुळजापूरचे. घरात पिढ्यान् पिढ्या पुजारीपण. घराच्या ओट्यावर यात्रेकरूंच्या चपला आणि बैठकीच्या खोलीत, पूर्वी जिथं गाद्या रचलेल्या असत तिथं, काचेच्या टाकीत चार फूट लांबीचा एक समुद्र. खरा खारट समुद्र, जिवंत खडक, पाचसहा मासे, गोगलगाई आणि मधोमध एक हिरवं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ. मामा त्याला झाड म्हणतात. ते झाड नसून प्राणी आहे असं मी एकदा समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "प्राणी हाय म्हणता? मग नैवेद्य दाखवाय पायजे." आणि त्या दिवसापासून ते दाखवू लागले. बाहेरचा कुणी या उद्योगाला हसला, तर मामांचं उत्तर ठरलेलं असे. "देवीच्या माळेत कवड्या हायत का न्हाय? कवड्या काय बेंबळीच्या शेतात पिकत्यात? समुद्र आपल्या गावात आधीपास्नंच हाय. म्या फकस्त त्याला पाणी घातलं."

हे पाणी घालणं मात्र सोपं नव्हतं. आमच्या भागात नळाला पाणी येणं हा एक छोटासा सणच असतो. त्या दिवशी सगळी गल्ली हंडे-कळश्या भरत असताना मामा फिल्टरचं पाणी बादल्यांत साठवत, त्यात विकतचं मीठ ढवळत आणि एका डोळ्याला नळी लावून खारटपणा मोजत. मामींना हे दृश्य सोसत नसे. "लोक पाणी गोड कराय मरत्यात, आन् आमचं माणूस विकतचं पाणी खारट करतंय," असं त्या दारात आलेल्या प्रत्येकाला सांगत. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते मला अजून कळलेलं नाही, कारण बादली उचलायला पदर खोचून पहिल्या त्याच पुढं होत.

समुद्र मुळात मामांचा नव्हे, त्यांच्या मुलीचा. मनू पुण्यात नोकरीला असताना तिला हा नाद लागला आणि लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला जाताना ती टाकी बापाच्या हवाली करून गेली. आता ती खऱ्या समुद्राकाठी राहते आणि रोज सकाळी फोनवर बापाचा समुद्र बघते. मामांनी टाकीचे दिवे लावले की फोन येई. मामा फोन काचेसमोर धरत आणि एकेका माशाची खुशाली सांगत. फोनमध्ये मासे, खडक, प्रवाळ सगळं दिसे. ऐकू फक्त मामा येत.

पुजाऱ्याच्या हाती समुद्र दिला की तो त्याचं देऊळ करणारच. सकाळी दिवे लागले की दर्शन सुरू. दुपारी नैवेद्य. संध्याकाळी दिवे मालवून टाकीवर पडदा ओढला की निद्रा. मामांच्या गावात देवी निद्रेला जाते, तिचा पलंग असतो, आणि त्या निद्रेचं महत्त्व तुळजापूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मामांनी तोच नियम माशांना लावला होता. एकदा पडदा ओढला की सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एकदा जळकोटचे त्यांचे व्याही मुक्कामाला होते, त्यांनी अंधारात सहज पडदा बाजूला केला. मामा त्यांच्याशी जेवणभर बोलले नाहीत. व्याह्यांना वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं.

आणि मग हिरव्या प्रवाळाला कुणीतरी खायला लागलं.

सकाळी पडदा काढला की एखाद्या फांदीचं टोक पांढरंफटक दिसायचं. पहिला संशय पिवळ्या माशावर गेला, कारण तो दिवसभर प्रवाळाभोवती घोटाळत असे आणि मामांच्या मते त्याची नजर सरळ नव्हती. त्याला भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या टोपलीत घालून टाकीतच कोठडी दिली. मासा टोपलीतून बाहेर बघत राहिला आणि प्रवाळ कमी होत राहिलं. मग गोगलगाईंची चौकशी झाली. मग जळकोटच्या व्याह्यांची नजर लागली असणार, असं ठरलं आणि मामींनी टाकीवरून मीठमोहरी ओवाळली. मी म्हणालो, "मामी, आधीच खारट आहे ते." मामींनी माझ्यासमोर धपाट्याचं ताट ठेवलं आणि "तुमी खावा" म्हणाल्या. जावयाला गप्प बसवायची ही त्यांची रीत.

मी धाराशिवहून दर रविवारी जात होतो. एका रविवारी पाहिलं तर मामा फोन नेहमीसारखा मधोमध न धरता अगदी डाव्या कोपऱ्यातून धरून उभे होते. त्या बाजूनं प्रवाळ अजून धड दिसत होतं. मनूनं विचारलं, "बाबा, आज इकडूनच का?" मामा म्हणाले, "तिकडं उजेड पडतुया गं." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जावईबापू, हे झाड संपलं तर ती रोज फोन कशापायी लावंल?"

इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा करत आलो होतो. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं.

मनूनं ज्याच्याकडून मासे घेतले होते, त्या पुण्याच्या दुकानदाराला मी फोन केला. तो म्हणाला, "खडकात लपून काहीतरी आलं असणार. अंधार झाला की टॉर्चला लाल कागद लावून बघा. लाल उजेड त्यांना फारसा कळत नाही." मी हे सांगताच मामा ताठ झाले. निद्रेत डोकवायचं? आयुष्यात कधी केलं नाही, आता चोरासाठी करायचं? मी म्हणालो, मासे म्हणजे देव नव्हेत. ते म्हणाले, "ते मला बी कळतं. पण देव असू दे न्हायतर मासा, मोडला तर नेमच मोडतो न्हवं?" मामी आतून ओरडल्या, "मग बघा सकाळी पांढरं झाड!" त्यावर मामा घरभर फेऱ्या मारायला लागले. गाभाऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंतचे सगळे नेम त्यांनी मनात तपासले असावेत. शेवटी माझ्यासमोर येऊन थांबले आणि अतिशय समाधानानं म्हणाले, "दुपारी करू. दुपारची काय निद्रा न्हाय. वामकुक्षी हाय ती. वामकुक्षीला माणूस हाक मारून उठवतो."

मग भर दुपारी बैठकीची दारं-खिडक्या लावल्या गेल्या. टाकीवर मामींची जाड घोंगडी पडली. टॉर्चला लाल कागद सापडेना, तेव्हा मामींनी ओटीत आलेला लाल खण आणून त्यावर ताणून बांधला. मामा आणि मी घोंगडीत डोकी घालून बसलो. बाहेरून आम्ही दोघं वाफारा घेतोय असंच वाटलं असतं. पहिल्या रविवारी फक्त घाम आला. दुसऱ्या रविवारी खडकाच्या एका भोकातून आधी एक केसाळ पाय आला, मग दुसरा, मग एक काळपट खेकडा सावकाश बाहेर येऊन प्रवाळावर चढला, आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत एक हिरवं टोक चिमट्यात धरून जेवायला बसला. मामांनी माझा दंड घट्ट पकडला. "केसाळ हाय की वो!" ते कुजबुजले. आणि मग, अगदी अनपेक्षितपणे, "कसा निवांत खातुया बघा."

खडकाला टेकून तिरका ठेवलेला काचेचा ग्लास आणि त्यात माशांच्या खाण्याचा तुकडा, एवढ्यावर तो सापडला. गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येईना. पिवळा मासा त्याच क्षणी कोठडीतून सुटला आणि मामांनी हात जोडून त्याची माफी मागितली. मामींचं म्हणणं, खेकडा नाल्यात टाका. मामा म्हणाले, "खडकात बसून एवढ्या लांब आलंय. न सांगता का हुईना, तुळजापुरातच आलंय न्हवं? उपाशी कसं घालवायचं?" त्याच्यासाठी जुनी छोटी टाकी माळ्यावरून उतरली. खेकडा आजही तिथं आहे आणि त्याचा नैवेद्य वेगळा निघतो.

खेकडा सापडला त्या रात्री मी मुद्दाम मुक्कामाला थांबलो. सकाळी दिवे लागले, फोन आला. मामांनी फोन उजव्या बाजूला नेला. अर्धं खाल्लेलं, पांढरं पडलेलं प्रवाळ तसंच समोर धरलं. "मने, तुझं झाड म्या नीट सांभाळलं न्हाय," म्हणाले. खेकड्याची सगळी हकिगत सांगितली. घोंगडीची पण सांगितली.

मनू हसली नाही. म्हणाली, "वाढंल ओ ते बाबा, टोकं परत येत्यात. तुम्ही फोन तुमच्याकडं फिरवा."

"माझ्याकडं? माझ्याकडं काय हाय बघायला?"

"फिरवा न्हवं. किती दिवस झालं, मला मासंच दिसत्यात. म्या काय माशांसाठी फोन लावती व्हय?"

मामांची जी तारांबळ उडाली! अंगात बनियन होती. मामी धावत टोपी घेऊन आल्या. फोन उलटा-सुलटा फिरला, छत दिसलं, मामींचा पदर दिसला आणि अखेर टोपी घातलेले मामा दिसले, पाठीमागं निळा समुद्र.  मग मनू हळूच म्हणाली, "बाबा, दाढी किती पांढरी झाली ओ तुमची."

मामांनी गालावरून हात फिरवला. "मीठ हाय गं ते," म्हणाले, "पाणी ढवळताना उडालं असंल."

मामी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी काच पुसायला घेतली.