जीनच्या कंदिलातला मासा

लंडनच्या आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत भुतांच्या गोष्टी सांगून पोरांना रडवणारा माणूस म्हणजे मी. त्या सगळ्या मीच रचलेल्या, त्यामुळे भुतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ही एक मात्र मी रचलेली नाही...

२००६ची दिवाळी नुकतीच झाली होती. लंडनमधल्या हॅरोमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून जीन राहायची — सत्तरीची, त्याच वर्षी तिचा नवरा राल्फ गेला होता. आमच्या दारातला आकाशकंदील मी स्वतः बनवतो, हे तिला ठाऊक होतं. एक दिवस ती एक जुना जपानी कंदील घेऊन आली. बांबूच्या बारीक कामट्या, त्यावर पातळ कागद, ठिकठिकाणी फाटलेला.

"राल्फचा फार लाडका होता. नीट करून देशील?"

"लीव्ह इट टू द आर्टिस्ट," मी कमरेत वाकून म्हणालो.

आता आपल्याकडे कंदील नीट करायचा म्हणजे काय? सांगाडा ठेवायचा, जुना कागद सोलून टाकायचा, नवा चिकटवायचा. दर दिवाळीला मी तेच करतो. तेच केलं. गॅरेजमध्ये गाणी म्हणत कागद भिजवला, सोलला, कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला. मैद्याची खळ शिजवून नवा पांढरा कागद लावला. कंदील इतका देखणा झाला की मीच त्याच्या प्रेमात पडलो.

बिनची गाडी येऊन गेली, आणि मग जीन कुंपणावरून म्हणाली, "राल्फचं ठिगळ तेवढं सांभाळ हं. मांजराने कागद फाडला तेव्हा त्याने माशाच्या आकाराचं कापून लावलं होतं. त्याच्या हातचं माझ्याकडे तेवढंच उरलंय."

ते ठिगळ कागदासकट गाडीतून गेलं होतं. घरात येऊन बायकोला सांगितलं.

"अहो, आधी विचारायचं तरी तिला," शोभा म्हणाली. "आता नाटकं न करता सरळ जाऊन सांगा."

संध्याकाळी आम्ही दोघं कंदील घेऊन गेलो. मी तोंड उघडायच्या आत जीनने तो टांगला आणि आतला बल्ब लावला.

कोऱ्या कागदावर मासा होता. करड्या सावलीचा, वाकड्या शेपटीचा.

मी कागद आतून-बाहेरून चाचपला. डाग नाही, जोड नाही. बल्ब बंद केला की मासा जायचा, लावला की यायचा. शोभाने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"सांभाळलास तू," जीन म्हणाली आणि मला मिठी मारून रडली.

आणि मी, आयुष्यभर बडबड केलेला माणूस, नुसता तिच्या पाठीवर थोपटत राहिलो.

"खरं बोलला का नाहीत?" परत येताना शोभाने विचारलं.

"तू का नाही बोललीस?"



मासा आला कुठून, हे मला आजही सांगता येत नाही. शोभा म्हणते, राल्फने आणला. तसं असेल, तर ती मिठी त्याची होती... आणि घेतली मी.